पेसर: डिपॉझिशनची ट्रान्स्क्रिप्ट शोधायला कितपत कामाचं?

अमेरिकेतल्या दिवाणी खटल्यात एखाद्या साक्षीदाराने शपथेवर नेमकं काय सांगितलं ते मूळ शब्दांत वाचायचं असेल, तर पहिला सल्ला ठरलेला असतो: पेसरवर बघा. सल्ला चुकीचा नाही, अर्धवट आहे. पेसर ही तिथल्या संघराज्य न्यायालयांची कागदपत्रं ऑनलाइन दाखवणारी सरकारी सेवा आहे. १९८८ पासून सुरू आहे. खातं कोणालाही उघडता येतं, वकील असावं लागत नाही. क्रेडिट कार्ड नोंदवलं तर खातं लगेच चालू होतं, नाहीतर टपालाची वाट पाहावी लागते. डॉकेट (खटल्यात दाखल झालेल्या कागदांच्या नोंदींची यादी), अर्ज, निकालपत्रं यांसाठी या सेवेला पाचपैकी चार तारे द्यायला हरकत नाही. डिपॉझिशनसाठी मात्र दोनच, आणि त्यातला निम्मा दोष पेसरचा नाही.

तो दोष नियमांचा आहे. डिपॉझिशन म्हणजे कोर्टात, न्यायाधीशासमोर दिलेली साक्ष नव्हे. खटल्याची प्रत्यक्ष सुनावणी उभी राहण्याआधी वकिलाच्या कार्यालयात किंवा व्हिडिओ कॉलवर साक्षीदाराला बसवून प्रश्न विचारले जातात. न्यायाधीश तिथे नसतो. कोर्ट रिपोर्टर (पत्रकार नव्हे, साक्षीचा अधिकृत लेखनिक) शपथ देतो आणि शब्दन्‌शब्द टिपून घेतो. संघराज्य नियमांप्रमाणे एका साक्षीदारासाठी एक दिवस आणि सात तासांची मर्यादा असते. दोन्ही पक्षांनी ठरवलं किंवा कोर्टाने सांगितलं तर ती वाढते. सात तास पूर्ण वापरले तर ट्रान्स्क्रिप्ट अडीचशे-तीनशे पानांची सहज होते. रिपोर्टर तिला प्रमाणपत्र जोडतो, ती पाकिटात सीलबंद करतो आणि जिने डिपॉझिशन ठेवलं त्या बाजूच्या वकिलाकडे पाठवतो. कोर्टाकडे काहीच जात नाही. २००० सालच्या दुरुस्तीपासून दिवाणी प्रक्रियेचा नियम ५(डी)(१)(ए) स्पष्टच सांगतो की डिपॉझिशन कामकाजात वापरलं जाईपर्यंत, किंवा कोर्ट मागेपर्यंत, ते दाखलच करायचं नाही. जे दाखल झालं नाही ते पेसरवर येणार कुठून?

म्हणून 'डिपॉझिशन सार्वजनिक असतं की गोपनीय' या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर देणाऱ्यावर फार विसंबू नये. न्यायालयाच्या फाइलमध्ये नसलेली ट्रान्स्क्रिप्ट मागण्याचा हक्क जनतेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये सिएटल टाइम्स विरुद्ध राइनहार्ट या प्रकरणात सांगितलं की सुनावणीपूर्व डिपॉझिशन हा दिवाणी खटल्याचा सार्वजनिक भाग नाही. पण फाइलमध्ये नाही म्हणजे गुप्त आहे, असंही नाही. प्रोटेक्टिव्ह ऑर्डर, म्हणजे माहिती उघड करण्यावर बंधन घालणारा कोर्टाचा आदेश, नसेल आणि पक्षांनी आपसात गोपनीयतेचा करार केला नसेल, तर ज्याच्या हाती ट्रान्स्क्रिप्ट आहे तो पक्ष ती पत्रकाराला देऊ शकतो, स्वतःच्या संकेतस्थळावरही टाकू शकतो. बंधन आदेशाने किंवा कराराने येतं, आपोआप येत नाही. साक्षीदारांची सगळ्यात मोठी गैरसमजूत इथेच असते. खोलीचं दार बंद होतं म्हणून बोलणं आत राहील असं त्यांना वाटतं.

ट्रान्स्क्रिप्ट फाइलमध्ये शिरते ती बहुतेक वेळा समरी जजमेंटच्या अर्जाबरोबर, म्हणजे प्रत्यक्ष सुनावणी न घेताच निकाल मागणाऱ्या अर्जाबरोबर. तज्ज्ञ साक्षीदाराला वगळा म्हणणारे डॉबर्ट अर्ज ही दुसरी चांगली जागा. तिसरी जागा म्हणजे माहिती देण्यास भाग पाडा म्हणणारा अर्ज. त्यात साक्षीदाराने कोणत्या प्रश्नांना उत्तर टाळलं तीच पानं जोडलेली असतात, त्यामुळे वाचायला मजेदार पण मजकुराला कोरडी. खटला प्रत्यक्ष सुनावणीला उभा राहिलाच, तर कोणत्या साक्षीदाराच्या कोणत्या ओळी वाचून दाखवायच्या याच्या याद्याही दाखल होतात. फौजदारी प्रकरणात मात्र हा शोध जवळजवळ व्यर्थ आहे. संघराज्य फौजदारी खटल्यात डिपॉझिशन अपवादानेच घेतलं जातं.

आता सेवेकडे. दर पानाला १० सेंट, आणि एका कागदपत्राला जास्तीत जास्त ३ डॉलर, म्हणजे तिसाव्या पानानंतर मीटर थांबतं. एका तिमाहीत ३० डॉलर किंवा त्याहून कमी खर्च झाला तर सगळी रक्कम माफ. ३० डॉलरच्या वर दहा सेंट जरी गेले तरी पूर्ण बिल भरावं लागतं, फक्त वरचे दहा सेंट नव्हे. न्यायाधीशांची निकालपत्रं फुकट. सुनावणीचं ध्वनिमुद्रण उपलब्ध असेल तर फाइलला २.४० डॉलर. प्रत्यक्ष न्यायालयात जाऊन तिथल्या संगणकावर बघितलं तर पाहणं फुकट, छापील पानाचे १० सेंट.

बारीक अक्षरातली गोष्ट अशी की ३ डॉलरची मर्यादा नावाने केलेल्या शोधाला लागू नाही. नेहमीच्या आडनावाने देशभर शोध घेतला तर निकालांची जेवढी पानं उलगडतील तेवढे पैसे जातात. काहीच सापडलं नाही तरी एका पानाचे १० सेंट कापले जातात. पडद्यावर दिसणाऱ्या यादीचं पान मोजायची पद्धतही अजब आहे: ४,३२० बाइट म्हणजे एक पान. त्यामुळे शोधताना न्यायालय, दाखल झाल्याचं वर्ष आणि दिवाणी की फौजदारी हे तिन्ही रकाने भरावेत. खटल्याचा क्रमांक आधीच बातमीतून किंवा निकालपत्रातून हाती असेल तर नावाने शोधायच्या भानगडीत पडूच नये.

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे कागदपत्रांच्या मजकुरात शोध घेता येत नाही. 'केस लोकेटर' नावाची देशव्यापी अनुक्रमणिका आहे. ती पक्षकाराचं नाव, क्रमांक, तारीख एवढंच ओळखते. डिपॉझिशन झालेला साक्षीदार बहुतेक वेळा पक्षकार नसतोच. कंपनीचा माजी लेखापाल, एखादी परिचारिका, शेजारी, असे हे लोक असतात, आणि त्यांच्या नावाने शोधून शून्य हाती लागतं. आधी खटला गाठायचा आणि मग डॉकेटमधून वाट काढायची, एवढाच मार्ग उरतो.

ही वाट जरा जवळून बघू, कारण पैसे वाया जातात ते इथेच. खटला उघडल्यावर 'डॉकेट रिपोर्ट' मागवायचा. त्याआधीच्या पानावर तारखांची किंवा कागदपत्रांच्या क्रमांकांची मर्यादा घालता येते, आणि खटल्यातून बाहेर पडलेल्या पक्षकारांची यादी वगळता येते. जुना, मोठा खटला असेल तर त्या यादीच्या चौकटीतली खूण काढल्यानेच काही पानं वाचतात. डॉकेट आल्यावर 'डिक्लरेशन' हा शब्द शोधायचा. वकील अर्जाबरोबर स्वतःचं एक छोटं प्रतिज्ञापत्र देतात आणि सगळी एक्झिबिट, म्हणजे पुराव्याचे कागद, त्याला जोडतात. डॉकेटवर मात्र जोडण्यांची नावं 'एक्झिबिट ए', 'एक्झिबिट बी' एवढीच दिसतात. आत करार आहे, ईमेल आहे की डिपॉझिशन, काही कळत नाही. नवखा माणूस इथे एकेक एक्झिबिट उघडत बसतो आणि प्रत्येकावर वेगळे पैसे भरतो, कारण ३ डॉलरची मर्यादा प्रत्येक जोडणीला स्वतंत्र आहे. 'सगळं डाउनलोड करा' हे बटण दाबलं तर वीस एक्झिबिटांचे साठ डॉलरही होऊ शकतात.

त्याऐवजी आधी फक्त मूळ प्रतिज्ञापत्र उघडायचं. दोन-तीन पानं, वीस-तीस सेंट. त्यात क्रमाने लिहिलेलं असतं की एक्झिबिट सी म्हणजे अमुक साक्षीदाराच्या अमुक तारखेच्या डिपॉझिशनमधल्या निवडक पानांची खरी प्रत. मग तेवढंच उघडायचं. उघडण्याआधी पावतीचा पडदा येतो. त्यावर आकारायची पानं आणि रक्कम लिहिलेली असते, आणि 'कागदपत्र पाहा' हे बटण दाबेपर्यंत पैसे जात नाहीत. उघडल्या उघडल्या फाइल साठवून ठेवावी. पुन्हा उघडली की पुन्हा आकारणी होते. खरोखरच चुकीची आकारणी झाली असेल तर क्रेडिट मागायचा अर्ज आहे, पण 'विसरलो म्हणून दोनदा उघडली' ही सबब त्यात चालवू नये.

हिशेब मांडायचा तर क्रमांकावरून शोध १० सेंट, मोठं डॉकेट ३ डॉलर, अर्जाचं निवेदन (अर्जामागचा युक्तिवाद मांडणारा कागद) २५ पानांचं धरून २.५०, प्रतिज्ञापत्र ३० सेंट, बारा पानांचं एक्झिबिट १.२०. एकूण ७.१० डॉलर. असे चार खटले एका तिमाहीत २८.४० मध्ये बसतात, म्हणजे फुकट. पाचवा पुढच्या तिमाहीवर ढकलावा. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला मीटर नव्याने सुरू होतं.

निवेदन वाचायचा खर्च टाळू नका. 'डिपो. ४५:१२–४६:३' असे उल्लेख त्यातच असतात, म्हणजे पान ४५, ओळ १२ पासून पान ४६, ओळ ३ पर्यंत. ट्रान्स्क्रिप्टच्या पानावर साधारणपणे २५ ओळी असतात आणि प्रत्येकीला क्रमांक असतो. एक्झिबिटमध्ये हाती येणारी वस्तू म्हणजे मुखपृष्ठ, हजर वकिलांची यादी, मधली पाच-सात सुटी पानं आणि शेवटी रिपोर्टरचं प्रमाणपत्र. पान ४६ नंतर थेट पान ११२. मधलं सगळं वकिलाच्या कपाटात. ही पानं निवडणारा वकील एका बाजूचा असतो हे वाचताना विसरू नये. विरुद्ध बाजूच्या उत्तराला जोडलेली पानंही मागवावीत. बऱ्याचदा त्याच उत्तराच्या पुढची ओळ तिथे सापडते आणि अर्थच फिरतो.

दुसरी फसगत दुरुस्तीपत्राची. डिपॉझिशन संपण्याआधी मागणी केलेली असेल तर साक्षीदाराला ट्रान्स्क्रिप्ट वाचून बदल नोंदवायला ३० दिवस मिळतात. काही न्यायालयं फक्त टंकलेखनाच्या चुका मान्य करतात, काही मजकुराचे बदलही स्वीकारतात. 'होय'चं 'नाही' झालेलं असू शकतं, आणि ते दुरुस्तीपत्र जोडलेल्या पानांत नसूही शकतं. कोणाचं उत्तर उद्धृत करण्याआधी डॉकेटवर 'एराटा' हा शब्द एकदा शोधावा.

कधी कधी वकील चार पानं एका कागदावर दाबून बसवलेली आवृत्ती जोडतात. पेसर पीडीएफची पानं मोजतं, त्यामुळे ९६ पानांची ट्रान्स्क्रिप्ट २४ पानांच्या भावात पडते. अक्षर बारीक, पण सौदा उत्तम.

सील केलेल्या, म्हणजे कोर्टाने लोकांसाठी बंद ठेवलेल्या, कागदपत्रांबाबत सेवा अगदी मुकी आहे. डॉकेटवर नोंद दिसते, क्रमांक दिसतो, पण दुवा नसतो, किंवा दाबल्यावर पाहण्याची परवानगी नाही एवढंच वाक्य येतं. अशा वेळी पुढच्या काही नोंदी तपासाव्यात. अनेक न्यायालयं सील केलेल्या कागदाची काळ्या पट्ट्या मारलेली सार्वजनिक प्रत दाखल करायला लावतात, आणि ती वेगळ्या क्रमांकाखाली असते. या प्रकरणातली प्रोटेक्टिव्ह ऑर्डर स्वतः बहुधा खुली असते, ती वाचण्यासारखी. ट्रान्स्क्रिप्ट मिळाल्यावर किती दिवसांत कोणती पानं 'गोपनीय' किंवा 'फक्त वकिलांसाठी' म्हणून नोंदवायची ते त्यात लिहिलेलं असतं. मुदत चुकली तर पानं उघडी राहतात, हे वकिलांनाही उशिरा आठवतं.

गोपनीय शिक्का म्हणजे कायमचं कुलूप मात्र नव्हे. सुनावणीआधीच्या शोधप्रक्रियेत (डिस्कव्हरीत) पक्षांनी आपसात वाटलेल्या कागदांवर पडदा टाकायला 'सबळ कारण' पुरतं. तोच कागद निकाल मागणाऱ्या अर्जाला जोडला की नवव्या सर्किटमध्ये (सर्किट म्हणजे संघराज्य अपील न्यायालयाचा विभाग), २००६ च्या कामाकाना निकालाप्रमाणे, 'अनिवार्य कारणं' दाखवावी लागतात. दुसऱ्या सर्किटने जुलै २०१९ मध्ये ब्राउन विरुद्ध मॅक्सवेल निकालात हाच मुद्दा लावून धरला. जेफ्री एपस्टीनची सहकारी गिलेन मॅक्सवेल हिचं डिपॉझिशन २०१६ मध्ये झालं होतं, बदनामीचा तो खटला २०१७ मध्ये तडजोडीने मिटला, आणि चारशेहून अधिक पानांची ती ट्रान्स्क्रिप्ट ऑक्टोबर २०२० मध्ये खुली झाली. न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्ह्यात १:१५-सीव्ही-०७४३३ या क्रमांकाखाली हे सगळं आहे. नावांवर काळ्या पट्ट्या होत्या, पण ट्रान्स्क्रिप्टच्या शेवटी असणारी शब्दसूची वर्णानुक्रमाने लावलेली असते आणि प्रत्येक शब्दापुढे पान आणि ओळ असते. झाकलेल्या शब्दाच्या आधीचा आणि नंतरचा शब्द दिसत राहिला, आणि स्लेट या ऑनलाइन मासिकाच्या पत्रकारांनी त्यावरून कित्येक नावं त्याच दिवशी ओळखली. रिडॅक्शन करणाऱ्या, म्हणजे काळ्या पट्ट्या मारणाऱ्या, प्रत्येक पॅरालीगलने (वकिलाच्या सहायकाने) टेबलावर चिकटवून ठेवावं असं हे उदाहरण आहे: पानं झाकायची तर सूची आधी काढून टाका.

व्यक्तिगत माहितीबद्दल नियम ५.२ आहे. दाखल कागदात एवढंच ठेवायचं: सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे (सरकारी ओळख क्रमांकाचे) आणि बँक खात्याचे शेवटचे चार अंक, जन्माचं फक्त वर्ष, अल्पवयीनांची फक्त आद्याक्षरं. ही काळजी दाखल करणाऱ्याने घ्यायची असते. कारकून तपासत नाही, पेसरही नाही. त्यामुळे चुकून राहिलेले तपशील तिथे दिसतात. ते पुढे पसरवू नयेत, हे सांगायची गरज पडू नये.

नेहमी होणारा आणखी एक घोटाळा: 'ट्रान्स्क्रिप्ट' हा शब्द डॉकेटवर दिसला म्हणजे डिपॉझिशन सापडलं असं नव्हे. ती बहुधा न्यायाधीशासमोरच्या सुनावणीची असते. तिचे नियम वेगळे. दाखल झाल्यापासून ९० दिवस ती पेसरवर उघडत नाही. तोवर न्यायालयात जाऊन वाचता येते किंवा कोर्ट रिपोर्टरकडून विकत घेता येते. नंतर पेसरवर येते, पण तिला ३ डॉलरची मर्यादा नाही. अडीचशे पानांच्या सुनावणीचे सरळ २५ डॉलर जातात. पावतीचा पडदा न वाचता बटण दाबणाऱ्यांची तिमाही एका फटक्यात संपते. डिपॉझिशन मात्र एक्झिबिट म्हणून आलेलं असेल तर ते साधं कागदपत्र, त्यामुळे तिथे मर्यादा लागू होते.

किमतीबद्दल तक्रार जुनी आहे आणि रास्त आहे. सेवा चालवायला लागतो त्याहून जास्त पैसा घेतला असा दावा करणारा सामूहिक खटला २०१० ते २०१८ या काळातल्या शुल्काबद्दल चालला, आणि २०२४ मध्ये १२.५ कोटी डॉलरच्या तडजोडीला मंजुरी मिळाली. दर अजून दहा सेंटच आहे.

खर्च वाचवायचा तर आधी 'रीकॅप' हे ब्राउझरला जोडायचं मोफत साधन बसवावं. २००९ पासून ते आहे आणि आता फ्री लॉ प्रोजेक्ट ही ना-नफा संस्था ते चालवते. एखाद्याने पेसरवर पैसे भरून उघडलेलं कागदपत्र त्यामुळे सार्वजनिक साठ्यात जमा होतं, आणि दुसऱ्याला डॉकेटवर त्या दुव्याशेजारी छोटी खूण दिसते. ती दाबली की फुकट. याच संस्थेच्या कोर्टलिसनरवर कागदांच्या मजकुरातही शोध घेता येतो, म्हणजे पेसर जे करत नाही नेमकं तेच. साक्षीदाराचं नाव अवतरणचिन्हांत आणि सोबत 'डिपॉझिशन' असा शोध आधी तिथे घ्यावा. मात्र साठ्यात असतं तेवढंच सापडतं. गाजलेले खटले भरपूर, साध्या विमा-दाव्यांचा पत्ता नाही.

पूर्ण ट्रान्स्क्रिप्टच हवी असेल तर पेसर सोडून माणसांकडे जावं लागतं. संघराज्य नियम ३०(एफ)(३) प्रमाणे रिपोर्टरने वाजवी शुल्क घेऊन प्रत द्यायची ती पक्षकाराला किंवा ज्याचं डिपॉझिशन झालं त्याला. तिऱ्हाइताला द्यायचं बंधन नाही. बहुतेक रिपोर्टर नकार देतात, पण नेहमीच नाही. अमेरिकन विनोदी अभिनेता बिल कॉस्बीच्या डिपॉझिशनचे उतारे जुलै २०१५ मध्ये असोसिएटेड प्रेसच्या मागणीवरून फिलाडेल्फियाच्या संघराज्य न्यायालयाने खुले केले, आणि काही दिवसांतच संपूर्ण ट्रान्स्क्रिप्ट न्यूयॉर्क टाइम्सला मिळाली ती न्यायालयाकडून नव्हे, कोर्ट रिपोर्टिंग सेवेकडून. पक्षकाराच्या वकिलाला विचारणं हा दुसरा मार्ग. जिंकलेली बाजू बऱ्याचदा आनंदाने देते. सील केलेलं असेल तर नियम २४(बी) खाली, तिऱ्हाइताने खटल्यात सामील होण्यासाठीचा हस्तक्षेप अर्ज करून ते उघडण्याची मागणी करता येते. वृत्तपत्रं हेच करतात, पण त्याला वकील आणि महिने लागतात.

राज्य न्यायालयांचं पेसरवर काहीही नाही, आणि तिथले नियमही निराळे. कॅलिफोर्नियात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २०२५.५७० प्रमाणे न्यायालयाचा उलट आदेश नसेल तर रिपोर्टरने कोणाही मागणाऱ्याला वाजवी शुल्कात प्रत द्यायची असते. मागणी आली की तो हजर पक्षांना आणि साक्षीदाराला मागणाऱ्याच्या नावासकट टपालाने कळवतो. ३० दिवसांत संरक्षणाचा आदेश त्याच्या हाती पडला नाही, तर प्रत मिळते. अट एवढीच की ट्रान्स्क्रिप्ट अजून त्याच्याकडे असली पाहिजे, तेव्हा मागणी डिपॉझिशननंतर जितकी लवकर करता येईल तितकी करावी, आणि लेखीच करावी.